भावाचं नैराश्य आणि वाढलेला सीआरपी

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ २७ वर्षांचा, ऐरोलीतल्या एका कंपनीत रात्रपाळीला. गेल्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. ताप गेला, प्लेटलेट वर आल्या, पण माणूस पूर्वीसारखा उभा राहिला नाही. कशातच रस नाही, दिवसभर पडून राहणं, वजन वाढलेलं, झोपेत घोरणं. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम सुरू केलं, तीन महिन्यांत थोडाच फरक पडला. मध्येच ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एचएस-सीआरपी (शरीरातला दाह मोजणारी रक्ततपासणी) ५.८ आला आणि मामेभावाने एक व्हिडिओ पाठवला: नैराश्य म्हणजे मेंदूला आलेली सूज, डोक्याच्या गोळ्या फुकट. आता आई म्हणते गोळ्या बंद करा, मामा म्हणतात सायटोकाइनची (प्रतिकारशक्तीच्या पेशी सोडतात त्या निरोप्या रेणूंची) मोठी तपासणी करा, लागलं तर स्टेरॉइड द्या. भाऊ स्वतः हळदीच्या कॅप्सूल आणि अधूनमधून डायक्लोफेनॅक घेतोय. यात खरं काय?

आधी तातडीचं. चालू गोळी घरच्या घरी बंद करू नका. एस्सिटालोप्राम एकदम सोडलं की गरगरतं, चिडचिड होते, डोक्यात शॉक लागल्यासारखं वाटतं, आणि मग घरात सगळे म्हणतात की बघा, सवय लागली होती. डायक्लोफेनॅक मात्र आजच थांबवा. एस्सिटालोप्रामच्या जातीची औषधं प्लेटलेटमधलं सेरोटोनिन कमी करतात, त्यामुळे रक्त गोठायला थोडा वेळ लागतो. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन पोटाचं अस्तर दुखावतं. दोन्ही एकत्र आली की पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. अंग दुखत असेल तर पॅरासिटामॉल घ्या, तेही रोजचं नको.

आता व्हिडिओबद्दल. त्यातली निम्मी गोष्ट खरी आहे, म्हणूनच तो पसरतो. दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे व्हिडिओतली ती सूज) आणि मन यांचा संबंध आहे. मी ठाण्यात मानसोपचार करतो आणि आमच्या पिढीला हा संबंध पुस्तकाआधी वॉर्डात दिसला. हिपेटायटिस सीवर तेव्हा इंटरफेरॉन अल्फाची इंजेक्शनं असायची. इंटरफेरॉन हा प्रतिकारशक्तीचाच एक निरोप्या, शरीरात व्हायरस शिरला की पेशी तो सोडतात. तो बाहेरून महिनोन्महिने दिला की सुरुवातीच्या आठवड्यांत भूक जायची, अंग गळून जायचं, आणि नंतर साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यातल्या रुग्णांना सरळसरळ नैराश्य यायचं. संसार सुखाचा, नोकरी ठीक, पूर्वी मनाचा आजार नाही, आणि तरी माणूस रडायला लागायचा. लिव्हरचे डॉक्टर आमच्याकडे पाठवायचे, आम्ही नैराश्यावरची नेहमीची गोळी द्यायचो आणि बऱ्याच जणांना ती लागू पडायची. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल. सोफोसबुविर ही नवी गोळी आल्यावर ती इंजेक्शनं गेली आणि तो त्रासही गेला.

निरोगी माणसांवरही हे पडताळून पाहिलेलं आहे. टायफॉइडची लस टोचल्यावर काही तासांत दाह थोडासा वाढतो, ताप येण्याइतकाही नाही, पण तेवढ्यानेही मूड उतरतो आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये नैराश्याशी जोडलेल्या भागांची हालचाल बदललेली दिसते. आजारी पडल्यावर कोपऱ्यात पडून राहावंसं वाटणं, जेवण नकोसं होणं, माणसं नकोशी होणं हे मेंदूने मुद्दाम केलेलं काम आहे. ताकद वाचवायची आणि जंतूंशी लढायची. ताप उतरला की हे आपोआप मिटायला हवं. काही जणांत ते मिटत नाही.

निरोप मेंदूपर्यंत पोचतो कसा? वाटा बऱ्याच आहेत. रक्तातल्या मोनोसाइट आणि इतर पांढऱ्या पेशी आयएल-६, टीएनएफ अशी सायटोकाइन सोडतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत जिथे विरळ आहे तिथून ती आत काम करतात. पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमधून वेगळा निरोप जातो. आणि मेंदूत स्वतःच्या पहारेकरी पेशी आहेत, मायक्रोग्लिया. त्या रक्तातून आलेल्या नसतात. गर्भ अगदी लहान असतानाच योक सॅकमधून निघून मेंदूत वस्तीला जातात आणि तिथेच पिढ्या काढतात. त्या चिडल्या की आयडीओ नावाचं एन्झाइम जोरात चालू लागतं. जेवणातून येणाऱ्या ज्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनायचं, ते दुसऱ्या रस्त्याला लागतं आणि त्यातून क्विनोलिनिक ॲसिड तयार होतं, जे मेंदूतल्या पेशींना नको तितकं उत्तेजित करतं. म्हणजे सेरोटोनिन खरं की दाह खरा, हा व्हिडिओतला वादच चुकीचा आहे. दोन्ही एकाच स्वयंपाकघरातले पदार्थ आहेत.

इथपर्यंत व्हिडिओ बरोबर. चूक पुढे आहे: सगळ्यांचं नैराश्य म्हणजे दाह. तसं नाही. नैराश्याच्या रुग्णांचा सीआरपी मोजला तर साधारण चौथ्या हिश्श्यात तो ३ च्या वर सापडतो. उरलेल्या तिघांत नाही. ज्यांच्यात सापडतो त्यांच्यातही तो कधी आजाराच्या आधीचा असतो, कधी आजारामुळे आलेला, कधी दोन्हीचा वजनाशी संबंध असतो. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल भागातल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणारा एक अभ्यास आहे. त्यात नवव्या वर्षी ज्यांचं आयएल-६ जास्त होतं, त्यांच्यात अठराव्या वर्षी नैराश्य अधिक निघालं. डेन्मार्कच्या नोंदींतून २०१३ साली असं दिसलं की गंभीर इन्फेक्शनसाठी ज्यांना ॲडमिट व्हावं लागलं होतं, त्यांना पुढे मूडचा आजार होण्याचा धोका सुमारे ६२ टक्क्यांनी जास्त होता. तुमच्या भावाच्या डेंग्यूशी याचा संबंध असू शकतो. पण धोका वाढणं आणि कारण सिद्ध होणं यात अंतर आहे, आणि डेंग्यूनंतरचा थकवा तसाही काही आठवडे, कधी काही महिने रेंगाळतो.

मग दाह कमी करणारं औषध दिलं तर? हे करून पाहिलं आहे, आणि मला वाटतं या सगळ्या विषयातला सगळ्यात शिकवणारा प्रयोग हाच. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफला अडवणारं इंजेक्शन संधिवातात वापरतात. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर अमेरिकेत ते वापरलं, निष्कर्ष २०१३ साली आले. एकूण गट बघितला तर खऱ्या आणि खोट्या इंजेक्शनात फरक शून्य. पण ज्यांचा सीआरपी ५ च्या वर होता त्यांना फायदा झालेला दिसला, आणि ज्यांचा कमी होता ते खोट्या इंजेक्शनवर जास्त बरे झाले. म्हणजे ज्याला दाह नाही त्याचा दाह दाबायला गेलं तर कदाचित नुकसान. त्यानंतर मिनोसायक्लिन (एक अँटिबायोटिक), सेलेकॉक्सिब (एक वेदनाशामक) अशी औषधं तपासली गेली. छोट्या प्रयोगांत आशा दिसली, पण पाकिस्तानात बायपोलर नैराश्यावर झालेल्या मोठ्या प्रयोगात आणि इंग्लंडमध्ये नव्या स्किझोफ्रेनियावर झालेल्या मिनोसायक्लिनच्या प्रयोगात फायदा दिसला नाही. तुमच्या भावाचा ५.८ बघून कुणी म्हणेल, हा तर ५ च्या वर! हो, पण त्या प्रयोगातला तो एक छोटा उपगट होता. त्यावर कुणाला टीएनएफ अडवणारं इंजेक्शन द्यायचं नसतं. आपल्याकडे तर नाहीच. हे औषध दडलेला टीबी वर काढू शकतं, आणि आपल्या देशात दडलेला टीबी किती छात्यांत आहे हे सांगायला नको.

मामांचं स्टेरॉइड. दाह दाबणारं याहून जोरकस औषध क्वचितच सापडेल, आणि तरी आम्हाला स्टेरॉइडने बिघडलेली माणसं बघावी लागतात: झोप उडालेली, बडबड वाढलेली, संशय घेणारी. १९७२ सालच्या बॉस्टनच्या मोठ्या पाहणीत प्रेडनिसोन हे स्टेरॉइड रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत असताना मानसिक त्रास १.३ टक्के रुग्णांना झाला, ८० च्या वर गेल्यावर १८.४ टक्क्यांना. दाह कमी केला की मन सुधारतं, इतका सरळ हिशेब असता तर हे झालं नसतं.

ही दाहाची गोष्ट नवी आहे असंही नाही. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्या काळात जगभरच्या अशा संस्थांमध्ये सिफिलिस मेंदूत उतरलेले रुग्ण मोठ्या संख्येने असायचे. व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांनी १९१७ साली अशा रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला, ताप चढू दिला, मग क्विनाइनने उतरवला. काही सुधारले, काही मलेरियाने गेले. १९२७ चं नोबेल त्यांना यासाठी मिळालं. पेनिसिलिन आल्यावर तो उपाय इतिहासजमा झाला, पण आजही विचित्र वागण्याचा नवा रुग्ण आला की आम्ही व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, पाठवतो.

स्किझोफ्रेनियाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी थोडं सांगतो, कारण मायक्रोग्लियाची खरी रंजक कथा तिकडे आहे. किशोरवयात मेंदू जास्तीची जोडणी छाटतो. कुठली छाटायची यावर कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं खूण करतात आणि मायक्रोग्लिया ती गिळतात. २०१६ साली हार्वर्डच्या गटाने दाखवलं की सी४ या कॉम्प्लिमेंटच्या जीनचे काही प्रकार स्किझोफ्रेनियाचा धोका वाढवतात. वाढ थोडीच आहे, त्यावरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही आणि रक्ततपासणी करून लग्न जुळवणाऱ्यांनी तर याकडे बघूही नये. अजून एक कोडं: स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते) एकूणात जास्त दिसतात, पण त्यातलाच सांध्यांचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस मात्र कमी. याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

एका जागी मात्र प्रतिकारशक्तीच गुन्हेगार असते, आणि तिथे उशीर महागात पडतो. २००७ साली जोसेप डालमाउ यांच्या गटाने मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडींमुळे होणारा मेंदूचा आजार वर्णन केला. बहुतेक तरुण मुली. आठवड्या-दोन आठवड्यांत, आधी काही नसताना, भास, भीती, असंबद्ध बोलणं. त्याआधी ताप किंवा डोकेदुखी झालेली असू शकते. मग फिट, तोंडाच्या चमत्कारिक हालचाली, तासन्‌तास एकाच मुद्रेत बसून राहणं, बोलणं बंद, रक्तदाब आणि नाडी वरखाली. घरचे देवऋषी करतात, मग आमच्याकडे आणतात, आणि नेहमीच्या अँटिसायकोटिक गोळीने शरीर अजूनच ताठर होतं. अशा रुग्णाला त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्ट हवा, पाठीतलं पाणी तपासायला हवं, मुलगी असेल तर बीजकोशात गाठ आहे का याची सोनोग्राफी हवी. इथे स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणं हे खरे उपाय, आणि वेळेत मिळाले तर पाचांतले साधारण चार जण दोन वर्षांत चांगले सावरतात. तुमच्या भावाचं चित्र असं नाही. महिनोन्महिने हळूहळू उतरलेला मूड, शुद्ध जागेवर, फिट नाही. तेव्हा अँटिबॉडीची महागडी यादी तपासायची गरज नाही. सायटोकाइनचीही नाही: त्या आकड्यावरून उपचार बदलेल असा कुठलाच नियम आज डॉक्टरांच्या हातात नाही.

आता ५.८ कडे वळू. सीआरपी १ च्या खाली कमी, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर बहुधा चालू इन्फेक्शन. साधी सर्दी, दाढ दुखणं, मुरगळलेला घोटा, कशानेही तो काही दिवस वर जातो. रक्तातलं त्याचं अर्धं आयुष्य सुमारे १९ तासांचं, म्हणजे कारण गेलं की तेवढ्या वेळात तो निम्मा होतो. म्हणून एका रिपोर्टवर विश्वास ठेवायचा नाही. पूर्ण बरं वाटत असताना, दोनतीन आठवड्यांनी पुन्हा करा. पुन्हा ५ च्या आसपास निघाला तर त्याचं कारण मेंदूत नाही, पोटात आणि तोंडात शोधा. पोटाच्या चरबीत मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी वस्ती करतात आणि सायटोकाइन सोडत बसतात. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का? डेंटिस्टकडे जा, नैराश्यात दात घासणं आधी सुटतं. सिगारेट आहे का, हे त्याला एकट्याला विचारा, आईसमोर नाही. आणि घोरणं. तुमच्या प्रश्नात एका शब्दात आलेली ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वाढलेलं वजन, घोरणं आणि दिवसभर पडून राहणं एकत्र असेल तर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, असू शकतो. तो दाह वाढवतो, मूड पाडतो, आणि त्यावर कुठलीही गोळी चालत नाही. झोपेची तपासणी आता नवी मुंबईत घरी यंत्र लावूनही करून देतात. मामांनी सायटोकाइनसाठी बाजूला ठेवलेले पैसे इथे घाला. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ आणि एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी). शाकाहारी घर असेल तर बी१२ आधी.

रात्रपाळीबद्दल उपदेश करत नाही, ऐरोली-महापेतली निम्मी तरुण पोरं त्यावर जगतात. पण दर आठवड्याला बदलणारी पाळी सगळ्यात वाईट. मानसोपचारतज्ज्ञांकडून पत्र घेऊन एचआरकडे निदान तीन महिने एकच पाळी मागा, जमल्यास दिवसाची. बरेचदा देतात.

व्यायामाची एक मौज सांगतो. चालताना स्नायूही आयएल-६ च सोडतात, तेच ज्याला आपण आत्तापर्यंत दोष दिला. पण थोडा वेळ आणि एकटं सोडलेलं आयएल-६ उलट दाह शमवतं. आठवड्याला दीडशे मिनिटं हे ध्येय बरं, तरी नैराश्यातल्या माणसाला ते डोंगराएवढं वाटतं. तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर निसर्ग उद्यानात दहा मिनिटं जा, बाकीचं पुढे. आहारावर मेलबर्नमध्ये ६७ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात, निष्कर्ष २०१७ चे, आहार सुधारलेल्यांपैकी ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, नुसत्या गप्पांच्या गटातले ८ टक्के. आपल्याकडे त्याचा अर्थ उसळ, भाजी, भाकरी, चालत असेल तर बांगडा नि तारली. आणि पाळी संपल्यावर गेटबाहेरचा वडापाव कमी. जेवणातली हळद चालू ठेवा. कॅप्सूल बंद करा: मिरीचा अर्क घातलेल्या जोरदार कॅप्सूलनी लिव्हर दुखावल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत.

शेवटी औषध. १० मिलिग्रॅमवर तीन महिन्यांत थोडाच फरक पडला म्हणून प्रयत्न संपला असं नाही. २० पर्यंत जायची मुभा असते आणि तुमच्या डॉक्टरांना हे नक्की विचारा. डोस वाढवूनही हलला नाही तर सीआरपीचा आकडा त्यांना दाखवा. एका युरोपीय अभ्यासात सीआरपी १ पेक्षा कमी असलेल्यांना एस्सिटालोप्राम जास्त लागू पडलं, वर असलेल्यांना नॉरट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं जुनं औषध. एका अभ्यासावर मी औषध बदलत नाही, पण बदलायचंच ठरलं तर निवड करताना तो मनात असतो. आणि इंटरफेरॉनच्या रुग्णांचा तो तपशील: दाहातून आलेलं नैराश्यही साध्या गोळ्यांनी बरेचदा सुटतं, हे आईला सांगा. पुढे कधी लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) सुरू झालं तर डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं अजिबात नकोत, त्यांनी लिथियमची पातळी चढते.

जगण्याचा कंटाळा आलाय का, मरावंसं वाटतं का, हे त्याला थेट विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन लागते, मराठीत बोलतात.

सीआरपी तीन महिन्यांनी हवा तर पुन्हा करा. तोवर तो घरच्यांबरोबर जेवायला बसू लागला, मित्राचा फोन उचलू लागला आणि रिपोर्ट तरीही ५ दाखवत असेल, तर मी औषधाला हात लावणार नाही, वजन आणि झोपेवर काम चालू ठेवीन. रिपोर्ट २ वर आला आणि तो अजून भिंतीकडे तोंड करून पडलेला असेल, तर त्याच आठवड्यात औषध बदलीन.